वळिवड्याची छावणी : निर्वासितांविषयीं एक पाठ



दिवाळी सरली म्हणजे आमच्या पिशोरच्या भोंवतालच्या वाड्यावस्त्यांतून पुष्कळ कुटुंबें ऊसतोडीस निघतात, हें तुम्हांस ठाऊकच आहे. भांडींकुंडीं, अंथरूणपांघरूण, एखादी शेळी व लहान मुलें असा सगळा संसार गाडींत भरून तीं दूरच्या कारखान्यांच्या रानांत जातात. तेथें पालांत राहतात, परक्या मुलखांतली थंडी सोसतात, आणि उन्हाळा आला कीं परत येतात. त्यांचे हाल थोडे नसतात. तरी निघतांना घरधनी दारास कुलूप लावतो व किल्ली कनवटीस खोंचतो. घर जेथल्या तेथें राहणार आहे, गांव जेथल्या तेथें राहणार आहे, आणि आपण परत येणार आहों, एवढा भरंवसा त्या किल्लींत असतो.

आज आम्ही ज्या लोकांची हकीकत सांगणार आहों, त्यांस हा भरंवसा नव्हता. ते युरोप खंडांतील पोलंड देशाचे राहणारे. दुसऱ्या महायुद्धांत त्यांचीं घरें गेलीं, आणि हजारों कोसांचा फेरा करून ते आपल्याच महाराष्ट्रांत, कोल्हापूरजवळच्या वळिवडे या गांवीं येऊन पोंचले. १९४३ पासून १९४८ पर्यंत सुमारे पांच हजार पोलिश लोकांची वस्ती तेथें होती. कोल्हापूरकडे ही गोष्ट जुन्या माणसांच्या तोंडीं आहे. आमच्या मराठवाड्यांत ती थोड्यांसच ठाऊक आहे.

ही हकीकत पाठरूपानें देण्याचें कारण असें कीं, परक्यास आसरा देणें म्हणजे काय, तो कोण देतो, त्याचा खर्च कोणावर पडतो, आणि तो कोठें अपुरा पडतो, हें सर्व या एका गांवाच्या गोष्टींत पाहावयास मिळतें. उपदेशक बंधूंनीं हा पाठ दोन बैठकींत वाचावा, व शेवटीं दिलेले प्रश्न मंडळींस विचारावे.

१. निर्वासित कोणास म्हणावें?

पोटासाठीं जो गांव सोडतो त्यास आपण मजूर किंवा परगांवीं गेलेला म्हणतों. दुष्काळांत जो निघतो तो पाऊस पडतांच परततो. निर्वासित यांहून निराळा. त्याचा वासच, म्हणजे राहण्याची जागाच, दुसऱ्यानें हिरावलेली असते. परत गेल्यास जीव जाईल, तुरुंगवास घडेल, किंवा आपला धर्म, वंश वा मत यांसाठीं छळ होईल, अशी खरी भीति त्यास असते.

दुसरी एक अडचण त्याच्यामागें लागते, ती ओळखीची. आपण कोठेंहि गेलों तरी आमचें सरकार आमच्या पाठीशीं आहे. निर्वासिताच्या मागें कोणतेंच सरकार उभें नसतें. तो कोण, कोठला, हें कोणी लिहून देत नाहीं. आणि दाखला नसला कीं सरहद्द ओलांडतां येत नाहीं व कामहि मिळत नाहीं. पहिल्या महायुद्धानंतर ही अडचण लाखों लोकांस पडली. तेव्हां राष्ट्रसंघानें १९२१ सालीं नॉर्वे देशाचे प्रसिद्ध प्रवासी फ्रिट्यॉफ नान्सेन यांस निर्वासितांचे उच्चायुक्त नेमलें. त्यांनीं १९२२ पासून अशा लोकांस एक प्रवासाचा दाखला देवविला. त्यास 'नान्सेन पासपोर्ट' असें म्हणत. अनेक राष्ट्रांनीं तो मान्य केला. परक्या माणसास नुसती भाकर देऊन भागत नाहीं, त्यास कायद्यांत जागा द्यावी लागते, हें जगानें तेव्हां प्रथम ओळखलें.

२. पोलंडचे लोक घरास कसे मुकले

१ सप्टेंबर १९३९ रोजीं जर्मनीनें पश्चिमेकडून पोलंडवर चाल केली, आणि १७ सप्टेंबर रोजीं सोव्हिएट रशियाचें सैन्य पूर्वेकडून आंत शिरलें. दोन बलिष्ठांच्या मध्यें तो देश जात्यांतील दाण्याप्रमाणें भरडला गेला. पूर्वेकडील प्रांत रशियाच्या ताब्यांत गेले. तेथें राहणारे शेतकरी, पेन्शनीत निघालेले शिपाई, शिक्षक, जंगलखात्याचे नोकर वगैरेंचीं कुटुंबें उचलून दूर नेण्याचें नव्या सत्तेनें ठरविलें.

पहिली मोठी हद्दपारी १० फेब्रुवारी १९४० रोजीं झाली. दिवस ऐन हिवाळ्याचे होते. हत्यारबंद शिपाई रात्रीं येऊन दार ठोठावीत, थोडक्या वेळांत सामान बांधावयास सांगत, आणि लेंकराबाळांसह सर्वांस आगगाडीच्या मालडब्यांत कोंबीत. असे चार मोठे लोंढे १९४० व १९४१ सालीं गेले. सैबेरियाचीं अरण्यें, उत्तर रशिया व कझाकस्तानचीं माळरानें येथें हीं लाखों माणसें टाकण्यांत आलीं. तेथें स्त्रियांस व पोरसवदा मुलांसहि लांकूडतोडीस लावण्यांत आलें. भूक, थंडी व ताप यांनीं पुष्कळ माणसें दगावलीं.

पुढें २२ जून १९४१ रोजीं जर्मनीनें रशियावरच हल्ला केला. तेव्हां रशियास मित्रांची गरज भासूं लागली. पोलंडचें परागंदा सरकार लंडन येथें होतें. त्याच्याशीं रशियानें ३० जुलै १९४१ रोजीं करार केला, व हद्दपार केलेल्या पोलिश लोकांस मोकळें करण्याचें कबूल केलें. त्यांतून जनरल अँडर्स यांच्या हाताखालीं एक पोलिश सैन्य उभें राहूं लागलें. ही बातमी कळतांच मोकळे झालेले लोक, जे चालूं शकत होते ते सर्व, दक्षिणेची वाट धरूं लागले. १९४२ सालीं कास्पियन समुद्र ओलांडून सुमारे १,१५,००० पोलिश लोक इराणच्या पेहलवी बंदरांत उतरले. त्यांपैकीं सुमारे ३७,००० सैनिक नव्हते. ते स्त्रिया, वृद्ध व मुलें होते. सैनिक पुढें लढाईवर गेले, आणि मे १९४४ मध्यें इटलींतील मॉन्टे कासिनोची टेकडी त्यांनींच सर केली. परंतु त्यांच्या बायकामुलांस कोठें ठेवावें, हा प्रश्न उरला. इराणवर त्यांचा भार फार दिवस टाकतां येत नव्हता. तेव्हां कांहीं जण पूर्व आफ्रिकेंत, कांहीं न्यूझीलंड व मेक्सिको येथें, आणि कांहीं हिंदुस्थानांत पाठविण्यांत आले.

३. हिंदुस्थानांत आसरा

हिंदुस्थानांत प्रथम अनाथ मुलें आलीं. १९४२ सालीं रशियांतील अश्काबाद येथून मोटारलाऱ्यांनीं, मशहद व क्वेट्टा या मार्गानें, तीं मुंबईस पोंचलीं. मुंबईंत वांद्रें येथें त्यांस कांहीं काळ ठेवण्यांत आलें. नंतर काठेवाडांतील नवानगर संस्थानचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनीं आपल्या राज्यांत, समुद्रकांठच्या बालाचडी या ठिकाणीं, त्यांच्यासाठीं वसतिस्थान बांधून दिलें. संस्थानिकांनीं व व्यापाऱ्यांनीं या मुलांसाठीं वर्गणी दिली. पोलंडचे मुंबईंतील कॉन्सल युजेनिउश बनासिन्स्की व त्यांच्या पत्नी किरा बनासिन्स्का यांनीं या कामीं फार खटपट केली. किराबाई पोलिश रेडक्रॉसच्या प्रतिनिधि होत्या.

मुलांखेरीज मोठीं कुटुंबेंहि येणार होतीं. कराची येथें त्यांच्यासाठीं तात्पुरती छावणी करण्यांत आली. परंतु ती वाटेवरची धर्मशाळा. कायम राहण्यास दुसरी जागा पाहिजे होती. ती करवीर संस्थानांत मिळाली. कोल्हापूरची हवा फार उष्ण नाहीं, पाणी विपुल आहे, आणि वळिवडे हें रेल्वेच्या मार्गावर आहे. १९४३ सालीं तेथें लोक येऊं लागले.

वाचकहो, ही वेळ कोणती होती तें ध्यानांत आणा. त्याच १९४३ सालीं बंगालांत भीषण दुष्काळ पडून लाखों माणसें अन्नावांचून मेलीं. देश परक्यांच्या सत्तेखालीं होता, पुढारी तुरुंगांत होते, आणि धान्याची सर्वत्र टंचाई होती. ज्याच्या घरीं भरलेली कणगी आहे त्यानें पाहुण्यास पान वाढणें ही एक गोष्ट. आणि ज्या देशाच्या एका कोपऱ्यांत चूल विझली आहे त्यानें दुसऱ्या कोपऱ्यांत पाहुणा उतरवून घेणें ही दुसरी. या दोन्ही गोष्टी एकाच सालीं एकाच देशांत घडल्या, हें सांगितल्यावांचून पाठ खरा होणार नाहीं.

४. छावणींतील दिवस

वळिवड्यास लांबच लांब बराकींच्या ओळी उभ्या राहिल्या. प्रत्येक बराकीचे भाग करून एकेका कुटुंबास एकेक भाग देण्यांत आला. तेथें शाळा होत्या, दवाखाना होता, प्रार्थनामंदिर होतें, दुकानें होतीं, नाटकें व सिनेमा दाखविण्याची सोय होती. राहणारे बहुतेक रोमन कॅथलिक पंथाचे. कर्ते पुरुष सैन्यांत; म्हणून वस्तींत आया, आज्या, म्हातारे व मुलेंच फार. ज्यांची छाती अशक्त झाली होती त्यांच्यासाठीं पांचगणी येथें विश्रांतीची सोय करण्यांत आली होती.

या छावणीची एक गोष्ट आम्हांस विशेष वाटते. लोक स्थिरस्थावर होतांच पहिली काळजी शाळेची झाली. मुलांचीं दोनतीन वर्षें सैबेरियांत वायां गेलीं होतीं. कित्येक दहा-बारा वर्षांच्या मुलांस अक्षरओळख नव्हती, किंवा होती ती विसरली होती. तेव्हां प्राथमिक शाळांपासून वरच्या वर्गांपर्यंत शिक्षण सुरू झालें, आणि तें त्यांच्या मायभाषेंत. शिवणकाम व इतर हातकामें शिकविण्यांत आलीं. बालवीरांचीं पथकें निघालीं. उद्यां कोठें जावें लागेल हें कोणास ठाऊक नव्हतें, तरी मुलांच्या हातीं पाटी होती. जे लोक आज आपल्यांतून ऊसतोडीस जातात त्यांच्या मुलांची शाळा दरवर्षीं कितीदां मोडते, याचा विचार येथें मंडळींनीं करावा.

आसपासच्या गांवांतील लोक कामास व व्यापारास छावणींत येत. मुलें मुलांत लौकर मिसळतात. कित्येक पोलिश मुलांस मराठी बोल येऊं लागले. पुढें एका पोलिश मुलीनें कोल्हापूरच्या गृहस्थाशीं विवाह केला, मराठी नांव घेतलें, व ती येथेंच राहिली. कांहीं जण येथेंच मरण पावले. त्यांच्या कबरी कोल्हापुरांत आहेत.

५. खर्च कोणी सोसला?

असें कोणास वाटेल कीं, पांच हजार लोकांचें पांच वर्षें पालनपोषण कोणा एका दात्यानें केलें. तसें नव्हतें. प्रथम लंडनमधील पोलिश सरकार खर्च पाहत असे, व त्यास ब्रिटिश सरकार कर्ज देत असे. परंतु जुलै १९४५ मध्यें ब्रिटन व अमेरिका यांनीं त्या सरकारची मान्यता काढून घेतली, आणि वॉर्सा येथील नव्या सरकारास ती दिली. एका दिवसांत छावणींतील लोकांचा धनी नाहींसा झाला. पुढें हा भार आंतरराष्ट्रीय संस्थांकडे गेला.

त्यांतील पहिली संस्था 'संयुक्त राष्ट्रांची साह्य व पुनर्वसन संस्था'. तिच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला 'उन्रा' असें म्हणत. ९ नोव्हेंबर १९४३ रोजीं वॉशिंग्टन येथें ४४ राष्ट्रांनीं तिच्या करारावर सह्या केल्या. हिंदुस्थान त्यांपैकीं एक होता. तिचा नियम समजण्यास सोपा होता. ज्या राष्ट्रांच्या भूमीवर शत्रु शिरला नव्हता, त्यांनीं आपल्या एका वर्षाच्या राष्ट्रीय उत्पन्नाचा शंभरावा भाग द्यावा. शेतकऱ्यानें खळ्यावरच्या शंभर पायल्यांतून एक पायली बाजूस काढावी, तसा हा हिशेब. थेंबें थेंबें तळें साचतें म्हणतात. या तळ्यांत जवळजवळ चारशें कोटि डॉलर जमले. त्यांतून अन्न, कपडा, औषधें, बीं-बियाणें व जनावरें युद्धानें उजाड झालेल्या देशांत गेलीं, आणि लाखों माणसें आपापल्या घरीं पोंचविण्यांत आलीं.

मात्र या संस्थेचें साह्य मुख्यत्वें शत्रूच्या ताब्यांतून सुटलेल्या प्रदेशांसाठीं होतें. बंगालचा दुष्काळ त्या नियमांत बसला नाहीं. हिंदुस्थान या तळ्यांत भर घालणाऱ्यांपैकीं होता, परंतु बंगालच्या भुकेल्यांस त्यांतून घोट मिळाला नाहीं. नियम आंखणाऱ्यानें रेघ कोठें ओढली, यावर कोणाचा जीव वांचतो व कोणाचा जातो, हें येथें शिकावें.

उन्राचें काम युरोपांत १९४७ सालीं आटोपलें, व तिच्या जागीं 'आंतरराष्ट्रीय निर्वासित संघटना' आली. जे परत जाऊं शकत नाहींत त्यांस नवीन देश शोधून देणें, हें तिचें मुख्य काम झालें.

६. ते परत कां गेले नाहींत?

हा पाठ तयार करीत असतां आमच्या वर्गांतील एका म्हाताऱ्या बाईंनीं विचारलें, "लढाई सरली, मग ते आपल्या गांवीं कां नाहीं गेले?" प्रश्न साधा आहे, पण सर्व हकीकतीचें मर्म त्यांत आहे.

फेब्रुवारी १९४५ मध्यें याल्टा येथें अमेरिका, ब्रिटन व रशिया यांचे मुख्य भेटले. तेथें ठरलें कीं, पोलंडचा पूर्व भाग रशियाकडेच राहावा. वळिवड्याच्या बहुतेक लोकांचीं गांवें नेमकीं त्याच भागांत होतीं. म्हणजे लढाई जिंकलेल्यांच्या बाजूस असून हे लोक घरास मुकले. ज्या राज्यानें त्यांस रात्रीं उठवून सैबेरियांत नेलें, त्याच राज्यांत त्यांचीं शेतें आतां गेलीं. उरलेल्या पोलंडांतहि रशियाच्या तंत्रानें चालणारें सरकार बसलें. परत जाणें म्हणजे पुन्हां त्याच हातांत जाणें, असें पुष्कळांस वाटलें.

अशा लोकांस बळेंच परत पाठवावें काय? यावर संयुक्त राष्ट्रांत मोठा वाद झाला. रशिया व त्याचे मित्र म्हणत कीं, लोकांस आपापल्या देशीं जाऊं द्या व प्रश्न मिटवा. इतर म्हणत कीं, ज्याची भीति खरी आहे त्यावर सक्ति करूं नये. १२ फेब्रुवारी १९४६ रोजीं संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनें ठराव केला कीं, ज्या निर्वासितानें परत न जाण्यास योग्य कारण दाखविलें आहे, त्यास जाण्याची सक्ति करण्यांत येऊं नये. वळिवड्यांतील बाईस हा ठराव फार मोलाचा होता. तिच्या 'नाहीं' या शब्दास जगानें किंमत दिली.

मग नवीन घर शोधणें आलें. येथें एक कटु गोष्ट सांगितली पाहिजे. जे देश निर्वासितांस घेण्यास तयार होते, त्यांस बहुधा कामकरी हात हवे होते. त्यांचे अधिकारी छावण्यांत येत, वय विचारीत, छातीची तपासणी करीत, हातपाय धड आहेत कीं नाहींत तें पाहत. बैलबाजारांत आपण बैलाचे दांत पाहतों, तसेंच तें. तरणा, धडधाकट, एकटा असेल त्यास लौकर जागा मिळे. म्हातारा बाप, क्षयाचा रोगी, चार लेंकरांची विधवा, हे मागें राहत. ज्यास आसऱ्याची गरज सर्वांत अधिक, त्यास तो सर्वांत शेवटीं मिळाला. असें असलें तरी ही संघटना १९५२ सालीं बंद होईपर्यंत तिनें दहा लाखांहून अधिक लोकांस नवीन देशांत पोंचविलें, हेंहि तितकेंच खरें आहे.

वळिवड्याच्या पुष्कळ कुटुंबांस एक आधार होता: त्यांचे पति, पुत्र व भाऊ अँडर्सच्या सैन्यांत लढले होते. ब्रिटनच्या पार्लमेंटानें १९४७ सालीं पोलिश सैनिकांच्या पुनर्वसनाचा कायदा केला, व सैनिकांच्या कुटुंबांस तेथें येऊं दिलें. म्हणून बरेच जण इंग्लंडास गेले. कांहीं आफ्रिकेंतील छावण्यांत, कांहीं ऑस्ट्रेलिया, कॅनडा व अमेरिका येथें गेले. कांहींनीं पोलंडची वाट धरली. १९४८ सालीं वळिवड्याची छावणी रिकामी झाली. किरा बनासिन्स्का मात्र पुढेंहि हिंदुस्थानांतच राहिल्या व हैदराबाद येथें त्यांनीं लोकसेवेंत आयुष्य घालविलें.

७. रिकाम्या बराकींत दुसरे पाहुणे

बराकी फार दिवस रिकाम्या राहिल्या नाहींत. १९४७ सालीं देशाची फाळणी झाली होती, आणि सिंधमधून हजारों हिंदु कुटुंबें घरदार टाकून मुंबई इलाख्यांत आलीं होतीं. त्यांपैकीं कांहींस वळिवड्याच्या त्याच छावणींत जागा देण्यांत आली. त्या वस्तीस आज गांधीनगर म्हणतात. कोल्हापूरकडे ज्यांचें जाणेंयेणें आहे त्यांस गांधीनगरची कापडाची मोठी बाजारपेठ ठाऊक असेल. तो बाजार निर्वासितांनींच उभा केला. कल्याणजवळ लष्कराच्या जुन्या छावणींत जे सिंधी लोक उतरले, त्यांच्या वस्तीचें १९४९ सालीं उल्हासनगर झालें.

येथें एक भेद पाहावा. फाळणींत एक कोटीहून अधिक माणसें इकडची तिकडे व तिकडचीं इकडे गेलीं. परंतु आंतरराष्ट्रीय निर्वासित संघटनेच्या यादींत त्यांचें नांव नव्हतें. तिचे नियम युरोपांतील युद्धाच्या निर्वासितांकडे पाहून केलेले होते. एकाच बराकींत आधीं जे राहिले त्यांची चौकशी सगळ्या जगानें केली. नंतर जे राहिले त्यांचा भार नुकत्याच स्वतंत्र झालेल्या, रिकाम्या तिजोरीच्या देशावर पडला. दुःख दोघांचें सारखेंच होतें.

आणि आमच्या मराठवाड्याचें काय? पिशोर त्या वेळीं निझामच्या राज्यांत होतें. आमच्या कन्नड तालुक्याची शीव खानदेशास लागते. घाट उतरला कीं चाळीसगांव. निझामी राजवटीच्या अखेरच्या महिन्यांत, १९४८ सालीं, रझाकारांच्या भीतीनें मराठवाड्यांतील अनेक कुटुंबें सरहद्द ओलांडून शेजारच्या जिल्ह्यांत गेलीं. पुढें सप्टेंबर १९४८ मध्यें हिंदुस्थान सरकारचें सैन्य आलें व राज्य पालटलें. तेव्हां अनेक ठिकाणीं मुसलमान कुटुंबांवर सूड उगविला गेला, व त्यांसहि गांव सोडून पळावें लागलें. या दोघांची नोंद कोणत्याहि जागतिक संस्थेनें ठेवली नाहीं. त्यांस ज्यांनीं ठेवून घेतलें ते शेजारीपाजारी व सोयरेधायरे होते. आपल्या घरांतील वडील माणसांच्या तोंडून अशा आठवणी ऐकल्या असतील, तर एकाच बाजूच्या सांगूं नका, दोन्ही सांगा.

८. पुढें काय झालें

१ जानेवारी १९५१ पासून संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्ताचें कार्यालय सुरू झालें, व २८ जुलै १९५१ रोजीं जिनीव्हा येथें निर्वासितांविषयींचा करार झाला. जेथें छळाची भीति आहे तेथें निर्वासितास परत ढकलूं नये, हा त्याचा गाभा. आरंभीं तो १९५१ पूर्वींच्या घडामोडींपुरताच होता. ती मर्यादा १९६७ सालीं काढून टाकण्यांत आली. भारतानें या करारावर सही केलेली नाहीं. तरी भारतानें आसरा दिला नाहीं असें नाहीं. १९५९ नंतर तिबेटी लोक आले. त्यांची एक वस्ती आपल्या महाराष्ट्रांत, गोंदिया जिल्ह्यांत गोठणगांव येथें आहे. पूर्व बंगालचीं कुटुंबें गडचिरोलीच्या रानांत वसलीं. १९७१ सालीं पूर्व बंगालांतून सुमारे एक कोटि माणसें आलीं, आणि बांगला देश स्वतंत्र होतांच त्यांतील बहुतेक कांहीं महिन्यांत परतलीं. त्यांच्या साह्यासाठीं तेव्हां टपालावर पांच पैशांचें जादा तिकीट लावावें लागे. आपल्या आजोबांनीं त्या काळीं मुंबईस धाडलेल्या पत्रावर तें तिकीट असेल. म्हणजे खेड्यांतल्या माणसानेंहि नकळत एका परक्याचें पान वाढलें.

वळिवड्याचे पोलिश लोक तें पान विसरले नाहींत. वॉर्सा नगरांत कोल्हापूरचें स्मारक आहे, व ऑगस्ट २०२४ मध्यें भारताच्या पंतप्रधानांनीं तेथें फुलें वाहिलीं. आणि जगांत हा प्रश्न मिटलेला नाहीं: २०२४ सालच्या अखेरीस युद्ध व छळ यांमुळें घर सोडावें लागलेल्यांची संख्या संयुक्त राष्ट्रांच्या मोजणीनें बारा कोटींहून अधिक होती.

९. यांतून आपण काय घ्यावें

पहिलें, आसऱ्याचीं तीन अंगें आहेत: भाकर, शाळा व दाखला. वळिवड्यास तिन्ही मिळालीं, म्हणून तेथील मुलें पुढें जगांत कोठेंहि उभीं राहूं शकलीं. आपल्या गांवाच्या शिवेवर पाल ठोकून जो राहतो, त्याच्या मुलाचें नांव शाळेंत आहे काय, त्याच्याजवळ शिधापत्रिका आहे काय, हें विचारणें आपल्या हातचें आहे. त्यास पैका लागत नाहीं. ग्रामपंचायतींत दोन खेपा घालाव्या लागतात.

दुसरें, मोठ्या संस्थांचें दान मोलाचें असतें, पण तें नियमाच्या रेघेपर्यंतच पोंचतें. रेघेबाहेर जो राहतो तो शेजाऱ्याच्या वांट्यास येतो. आम्ही कबूल करितों कीं, आम्हीहि पुष्कळदां परक्यास पाहतांच पहिला प्रश्न 'कोण तुम्ही, कोणत्या जातीचे?' असा करितों, आणि दुसरा 'कधीं जाणार?' असा. 'जेवलांत काय?' हा प्रश्न तिसरा येतो, कित्येक वेळां येतच नाहीं.

तिसरें, साह्य घेणाऱ्याचें 'नाहीं' ऐकावें. त्यास कोठें जावयाचें आहे व कोठें नाहीं, हें त्यासच अधिक कळतें.

वर्गासाठीं प्रश्न

१. ऊसतोडीस जाणारा मजूर व निर्वासित यांत काय फरक आहे? त्यांच्या हालांत साम्य कोणतें?
२. वळिवड्याचे पोलिश लोक लढाई संपल्यावर आपल्या गांवीं कां जाऊं शकले नाहींत?
३. उन्रा या संस्थेंत राष्ट्रांनीं किती भाग द्यावयाचा होता? बंगालच्या दुष्काळपीडितांस तिचें साह्य कां मिळालें नाहीं?
४. नवीन देशांत जागा देतांना म्हातारे, रोगी व विधवा मागें कां राहत? ही रीति योग्य होती काय? तुम्ही निवड करणारे असतां तर कोणास प्रथम नेलें असतें?
५. वळिवड्याच्या छावणींत पोलिश लोकांमागून कोण राहावयास आले? दोघांस मिळालेल्या साह्यांत काय भेद होता?
६. १९४८ सालीं आपल्या गांवांतून कोण गेलें, किंवा आपल्या गांवीं कोण आलें, हें घरच्या वडील माणसांस विचारा व पुढील बैठकींत सांगा.
७. सध्यां आपल्या गांवाच्या शिवेंत बाहेरून आलेलीं किती कुटुंबें राहतात? त्यांच्या मुलांपैकीं किती शाळेंत जातात? मोजून आणा.

शेवटल्या प्रश्नाचें उत्तर तोंडीं चालणार नाहीं. उपदेशक बंधूंनीं तें कागदावर लिहून घ्यावें, व ज्या मुलाचें नांव शाळेंत नाहीं त्यासाठीं वर्गांतील एकेका घरानें जबाबदारी पत्करावी. पुढील बैठकीचा आरंभ त्या कागदापासून करावा.